दोन आकडी सालाचा घोळ : वाचकांची प्रश्नोत्तरे

अनेक संगणक सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवतात, त्यामुळे 2000 उजाडलं की 00 म्हणजे 1900 असा त्यांचा गोंधळ होऊ शकतो. 1999 चं अर्धं साल सरलं, तरी याबद्दल सरकारी कार्यालयांतून तेच तेच प्रश्न येताहेत. प्रत्येकाला वेगळं लिहिणं शक्य नाही, म्हणून इथेच उत्तरं देतो.

2000 हे लीप वर्ष आहे की नाही? आमच्याकडे दोन मतं आहेत.

आहे. 100 ने भाग जाणारं साल लीप नसतं, पण 400 ने भाग गेला तर असतं. 29 फेब्रुवारीची चाचणी वेगळी घ्या.

आमच्याकडे संगणक फक्त टंकलेखनाला वापरतात. काही करावं लागेल का?

घड्याळ तपासा. जुन्या पीसीतलं घड्याळ सालाचे दोनच आकडे जपतं, त्यामुळे काही यंत्रं नव्या वर्षात 4 जानेवारी 1980 दाखवतील. तारीख हाताने बदलून यंत्र बंद-चालू करा. टिकली तर ठीक, नाहीतर देखभाल करणाऱ्याला बोलवा.

9/9/99 ला सगळे संगणक बंद पडणार, असं ऐकलं.

कोणाकडून ऐकलं? जुन्या प्रोग्रॅममध्ये 9999 ही 'माहिती संपली' अशी खूण असे हे खरं, पण तारीख सहसा 090999 अशी साठवतात. त्यापेक्षा जीपीएस वापरणाऱ्या मोजणी विभागांनी 21-22 ऑगस्टची ग्रीनिच वेळेची मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडची 22 ची पहाट, लक्षात ठेवावी. जीपीएस तारखेसाठी आठवडे मोजतं, तो आकडा तेव्हा 1023 वरून शून्यावर येईल. उत्पादकाला आत्ताच विचारा.

विक्रेता म्हणतो, सगळी यंत्रं बदला. नव्यांवर 'वाय-टू-के रेडी', म्हणजे 2000 सालासाठी तयार, असा स्टिकर आहे.

स्टिकर डब्यावर आहे, घोळ तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे. कोणती आवृत्ती, कोणत्या तारखांवर तपासली आणि बिघडलं तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे लेखी मागा. बहुतेक विक्रेते इथेच विषय बदलतात. करारावर सही करण्याआधी विधी अधिकाऱ्याला दाखवा.

आमच्या खात्याची प्रणाली दुरुस्त झाली, प्रमाणपत्रही मिळालं. आता निर्धास्त राहायचं ना?

नाही. मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्यासारख्यांचीच वाटते.

वेळ नाही म्हणून अनेक ठिकाणी साल चार आकडी केलेलंच नाही. एक रेघ ओढली आहे : 00 ते 29 म्हणजे 2000 नंतरचं, 30 ते 99 म्हणजे 1900 नंतरचं. पद्धत स्वस्त आहे, चालतेही. पण रेघ कुठे ओढायची हे प्रत्येक कंत्राटदार आपापलं ठरवतो. तुमची 30 वर, कोषागाराची 50 वर. तुमच्याकडून 35 हे जन्मसाल गेलं; तुमच्या लेखी ते 1935, पलीकडे 2035. म्हणजे निवृत्तिवेतन घेणारा माणूस अजून जन्मायचाच आहे! संगणक तिथेच अडला तर बरं, निदान कळतं. तो वजा वय धरून पुढचे हिशेब करत राहिला, तर चूक कित्येक महिन्यांनी सापडेल. आणि प्रमाणपत्रं दोन्हीकडची खरी असतील.

शंभरी गाठलेल्यांना तर कुठलीच रेघ वाचवत नाही. 1899 आणि 1999 दोन्ही 99 च. जन्मतारखेला चार आकडेच हवेत.

म्हणून आधी यादी करा : कोणत्या खात्याशी, कोणत्या बँकेशी कोणती फाइल जाते-येते, तारखेचे रकाने कोणते, साल किती आकडी, रेघ कुठे. परिपत्रक काढून हे होत नाही. दोन्हीकडचे प्रोग्रॅमर एका टेबलाशी बसवा आणि खऱ्या फाइलची प्रत इकडून तिकडे पाठवून पाहा. एकाने फाइलचा नमुना बदलला, तर दुसऱ्यानेही त्याच दिवशी बदलायला हवा.

कार्यालयातल्या सर्व्हरची तारीख पुढे करून पाहू का?

चालू यंत्रावर अजिबात नको. पासवर्डची, परवान्याची मुदत संपेल, जुन्या फाइल आपोआप पुसल्या जातील आणि तारीख मागे आणली तरी त्या परत येणार नाहीत. वेगळ्या यंत्रावर, माहितीच्या प्रतीवर, प्रणाली बनवणाऱ्याला विचारूनच करा.

काम डिसेंबरपर्यंत होणं अवघड आहे. मुदतवाढ मिळेल का?

कोणाकडून? ही तारीख कोणाच्याही सहीने पुढे सरकत नाही. आता सगळं करायच्या मागे लागू नका. पगार, निवृत्तिवेतन, पाणी, रुग्णालय एवढं आधी घ्या. उरलेल्यासाठी हाताने काम कसं चालवायचं ते लिहून काढा आणि लिपिकांकडून एकदा करवून घ्या. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लाभार्थ्यांच्या याद्या शिलकेसह छापून ठेवा. किती मागच्या महिन्यांची माहिती छापायची, हे लेखाधिकाऱ्याला विचारा.