स्टुडंट व्हिसावर फेलोशिप मिळेल का?

प्रश्न: ताई, मुंबईत स्पीच थेरपीत मास्टर्स करून आता अमेरिकेत पीएचडीला आलेय, तोतरेपणावर काम करतेय. एनआयएचची (अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) एफ३१ ही पीएचडी करणाऱ्यांसाठीची फेलोशिप मला मिळेल का?

उत्तर: नाही गं, एफ३१ आणि पोस्टडॉकची (म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची) एफ३२, दोन्हींना अमेरिकन नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. पण पुढे एनआयएचचीच के९९ ही अनुदान योजना आहे ना, तिला ती अट नाही, आधी २ वर्षांपर्यंत मार्गदर्शकाच्या हाताखाली आणि मग प्राध्यापकी लागली की ३ वर्षांपर्यंत स्वतःच्या लॅबसाठी पैसे, फक्त पोस्टडॉकची ४ वर्षं उलटायच्या आत अर्ज कर, हे बऱ्याच जणींच्या लक्षातच राहत नाही आणि मग फार वाईट वाटतं. ऐकणं, आवाज, वाचा यासाठी १९८८पासून एनआयएचमध्येच एनआयडीसीडी ही वेगळी संस्थाच आहे, तिथल्या प्रोग्राम ऑफिसरला (अनुदानांचं काम बघणारे अधिकारी) आधीच मेल कर, अजिबात लाजू नकोस.