रनिंगची नोंद ठेवायला आणि ग्रुपमध्ये शेअर करायला कोणतं अ‍ॅप घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतंच पळायला लागलाय, ऑफिसचा ग्रुप आहे, आणि स्ट्राव्हा (रन नोंदवून मित्रांना दाखवायचं अ‍ॅप), गार्मिन कनेक्ट (गार्मिनच्या घड्याळांचं अ‍ॅप) की साधी वही हे ठरत नाहीये. मी पुण्यात सात-आठ वर्षं पळतोय. माझ्या मते ग्रुप जिथे असेल तिथे शेअर करा, पण नोंद अशा ठिकाणी ठेवा जिथून ती कधीही उचलून दुसरीकडे नेता येईल. माझं पहिलं अ‍ॅप बंद पडलं आणि दोन वर्षांचे सगळे रन गेले, पहिल्या हाफ मॅरेथॉनच्या तयारीसकट, त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून रनची जीपीएक्स फाइल (पळालेला रस्ता आणि वेळ साठवणारी, दुसऱ्या अ‍ॅपमध्येही उघडणारी फाइल) डाउनलोड होते का ते आधी बघा. स्ट्राव्हावर होते, शिवाय सगळं एकदम मागवलं की ईमेलवर लिंक येते, मी दर दिवाळीला मागवून ठेवतो. गार्मिनचं घड्याळ असेल तर अकाउंट एकदा जोडून टाका, रन कनेक्टमधून आपोआप स्ट्राव्हावर जातो आणि दोन्हीकडे राहतो. फुकटचं स्ट्राव्हा सुरुवातीला पुरतं.

अंतर, पेस (एका किलोमीटरला लागलेला वेळ) वगैरे अ‍ॅप लिहितंच, पण रोज दोन ओळी स्वतः लिहा, झोप किती झाली, काय खाल्लं होतं, कुठे दुखलं. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करताना माझी नडगी दुखायला लागली, मी धरून चाललो होतो की त्या शर्यतीतल्या यवतेश्वर घाटासाठी चढाची प्रॅक्टिस करतोय म्हणून होतंय, मग एका रविवारी बसून जुन्या नोंदी वाचल्या तर आधीही दोनदा दुखलं होतं आणि तिन्ही वेळा त्याच्या आदल्या आठवड्यात मी आठवड्याच्या 25 किलोमीटरवरून थेट 38-40 वर गेलो होतो, चढ मात्र याच वेळी होता! नुसत्या आकड्यांतून हे मला कधीच कळलं नसतं कारण दुखणं आकड्यांत येत नाही, ते लिहावंच लागतं. हे लोकांना दाखवायचं नसेल तर स्ट्राव्हात प्रायव्हेट नोट्स आहेत. शूजचं नावही टाका, त्यांचे किलोमीटर आपोआप मोजले जातात.

शेअर करण्याआधी प्रायव्हसी सेटिंग नक्की बघा, घराजवळची सुरुवात आणि शेवट नकाशावरून लपवता येतो. हे हलक्यात घेऊ नका, 2018च्या जानेवारीत स्ट्राव्हाच्या हीटमॅपवरून (सगळ्यांचे रन एकत्र दाखवणारा नकाशा) लष्करी तळांच्या आतले पळायचे रस्ते लोकांना दिसले होते, मग आपण तर रोज पहाटे त्याच वेळी घराच्या त्याच गेटमधून निघणारी माणसं. बायको पळायला लागली तेव्हा तिचं हे सेटिंग मी पहिल्याच दिवशी तिच्यासोबत बसून केलं.

आणि फोनवरच रेकॉर्ड करणार असाल तर बॅटरी सेव्हरमधून अ‍ॅप वगळा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की रेकॉर्डिंग मधेच थांबतं आणि नकाशात तळजाई टेकडीच्या झाडीतून सरळ रेघ मारलेली दिसते.