दुर्बिणीच्या वेळेची वाटणी

प्रश्न : आम्ही बारा हौशी आकाशनिरीक्षकांनी मिळून चिलीतील एका वेधशाळेत दुर्बीण ठेवली असून ती इंटरनेटवरून चालवतो. खर्च समान वाटून प्रत्येकाला महिन्यातील ठरावीक रात्री देतो, तरीही पौर्णिमा किंवा ढगाळ रात्र वाट्याला आलेला सभासद नाराज होतो. दर आणि वेळापत्रक कसे ठरवावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्याकडे खर्च समान वाटला जातो, पण रात्री समान नसतात, आणि नाराजीचे मूळ तिथेच आहे. म्हणून रात्रींऐवजी गुण, म्हणजे दुर्बिणीची वेळ घेताना खर्च करायचे एकक, वाटावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागेचे भाडे आणि देखभाल यांचा खर्च आकाश ढगाळ असले तरी होतोच. तो सर्वांनी सारखा भरावा आणि त्या बदल्यात प्रत्येकाला सारखे गुण मिळावेत. गुण मात्र शटर उघडे राहून उपयोगी चित्र मिळाले तेवढ्याच वेळेचे कापावेत. चंद्र क्षितिजाखाली असताना तासाला एक गुण आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आकाशात असताना अर्धा, एवढा साधा दर पुरतो. सवलत तिथीवर न देता चंद्राच्या उदयास्तावर द्यावी, कारण शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि उरलेली रात्र पूर्ण काळोखाची असते. या सवलतीचा खरा लाभ असा की, हायड्रोजन-आल्फाच्या, म्हणजे हायड्रोजनचा ठरावीक तांबडा प्रकाशच आत सोडणाऱ्या, अरुंद फिल्टरमधून तेजोमेघ टिपणाऱ्यांना चांदणे फारसे बाधत नाही. ते आपणहून पौर्णिमा घेतील आणि अंधुक दीर्घिकांच्या मागे असलेल्यांना काळोख मोकळा राहील.

रात्री नावावर लावण्याची पद्धत तर बंदच करावी. लास कंब्रेस वेधशाळेच्या दुर्बिणींच्या जागतिक जाळ्यात निरीक्षक मागणी नोंदवतो आणि कोणते निरीक्षण केव्हा घ्यायचे हे संगणक ठरवतो. ठरलेल्या वेळीच घ्यावी लागणारी निरीक्षणे तिथे वेगळ्या वाट्यातून होतात. तुम्हीही बाह्यग्रहाचे अधिक्रमण (दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह त्या ताऱ्यासमोरून जाणे) किंवा लघुग्रहाने केलेले ताऱ्याचे पिधान (तारा काही क्षण झाकला जाणे) यांसाठी वेळ राखून द्यावा, पण त्याला दुप्पट गुण घ्यावेत, कारण त्या वेळी बाकी सगळ्यांची रांग थांबते.

सर्वांत जास्त ओढाताण जून-जुलैमध्ये होईल. आपल्याकडे पावसाळी ढग असतात, तर चिलीत रात्री लांब असतात आणि धनू राशीतील आकाशगंगेचा मध्यभाग मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. त्या दोन महिन्यांसाठी वर्षभर गुण साठवले जाऊ नयेत म्हणून न वापरलेले गुण तीन महिन्यांनी रद्द व्हावेत.

जून-जुलैमध्ये चिलीत रात्रीचे नऊ वाजतात, त्या वेळी आपल्याकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात. नोकरी करणाऱ्यांना स्वतः दुर्बीण चालवायला बसणे अवघड जाते. जवळच्या शाळेला मात्र हीच वेळ वर्गात थेट आकाश दाखवण्यासाठी सोयीची आहे. महिन्याकाठी दोन तास सामाईक गुणांतून तिच्यासाठी काढून ठेवावेत.