शॉकअपला विचारा, पण आधी स्प्रिंगला विचारा

माझी 1984 ची पद्मिनी मागून बसली आहे. मेकॅनिक म्हणतो, गॅसचे शॉकअप टाका, उचलून येईल. खरं का? (कोल्हापूर)

येईल, एखाद सेंटिमीटर. एकनळी गॅस शॉकअपचा दांडा 11 मिमी जाड आणि आतला दाब 25 बार धरला, तर एक शॉकअप गाडीला जेमतेम 24 किलोने वर ढकलतो. म्हणजे तांदळाचं एक पोतं डिकीतून काढल्यावर जेवढा फरक पडेल, तेवढाच.

पद्मिनी म्हणजे कुर्ल्यात बनलेली फियाट 1100. पुढे कॉइल स्प्रिंगा, मागे पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, अख्खा अ‍ॅक्सल. वजन पेलतात ते पाटे. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी जिरवायचं. चाळीस वर्षांत पाटे सपाट होणारच. सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा आणि लिहून ठेवा. पाटे उतरवून त्यांना पुन्हा बाक देऊन घ्या, शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या कडीचे, बुश बदला, आणि मग मूळ मापाचे साधे तेलाचे शॉकअप बसवा. हा उलटा उद्योग मी स्वतः करून बसलोय: आधी गॅसचे शॉकअप घेतले. गाडी होती तिथेच राहिली, वर प्रत्येक स्पीडब्रेकर दातांत जाणवायला लागला.

गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडला की ती एकदा वर येऊन थांबते. मग शॉकअप चांगलेच ना? तरी हायवेवर मागची बाजू झुलते. (ठाणे)

ही दाबून बघायची परीक्षा पाट्यांच्या गाडीला फसवते. पाटे एकमेकांवर घासतात आणि ते घर्षणही ब्रेकसारखंच काम करतं. त्यात ते कोरडे, गंजलेले असतील तर हाताने दिलेला धक्का तिथेच जिरतो आणि मेलेला शॉकअपही पास होतो. पण हे घर्षण लहान हालचालीलाच पुरतं. हायवेवरच्या लांबलचक लाटेवर गाडी चार बोटं वरखाली झाली की त्याच्या हातात काही राहत नाही, मग झुलणारच.

खालचा बोल्ट काढा, शॉकअप हाताने ओढून-दाबून बघा. ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर लागायला हवा, आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा. मधेच हात मोकळा पडला तर आतली झडप गेली किंवा तेल संपलं. नळीवर धुळीचा ओला, काळा ओघळ दिसला तर हे सगळं करायचीही गरज नाही. बदलताना एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकदमच बदला.

जर्मनीत अल्फा रोमिओ जुलिया घेतली आहे. आधीच्या मालकाने गाडी खाली बसवून कडक स्प्रिंगा टाकल्यात. लाल कोनी (कोनी कंपनीचे जोर कमी-जास्त करता येणारे शॉकअप) घेतोय, किती आवळू? (श्टुटगार्ट)

1962 साली मोंझाला जगासमोर आलेली ही गाडी! थोडा हेवा वाटला, लपवत नाही.

स्प्रिंगचा कडकपणा दुप्पट झाला तर शॉकअपचा जोर दुप्पट लागत नाही, सुमारे 1.4 पट पुरतो. वर्गमुळाचा हिशेब आहे. म्हणजे स्प्रिंगा 30 टक्के कडक असतील तर शॉकअप 14 टक्क्यांनी वाढवून भागतं. लोक इथेच चुकतात, सरळ शेवटपर्यंत आवळतात. लाल कोनीत फक्त परतीचा, म्हणजे दांडा बाहेर येतानाचा जोर बदलतो. तो फाजील झाला की एका खड्ड्यातून चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो, आणि गाडी हळूहळू खालीच बसत जाते. तुम्हाला वाटतं स्प्रिंग मऊ पडली, म्हणून तुम्ही अजून आवळता.

सगळ्यात मऊवर सुरुवात करा. हे शॉकअप गाडीवरून काढून, पूर्ण दाबून, दांडा फिरवून लावावे लागतात. म्हणून किती फिरवलं ते खडूने नळीवरच लिहा. गाडी खाली बसवलेली असल्याने आणखी एक तपासणी: चाक पूर्ण वर गेल्यावर रबरी ठोकळा आधी टेकला पाहिजे, शॉकअपचा तळ नंतर. मागच्या अ‍ॅक्सलला धरून ठेवणारे पट्टेही बघा. ते तुटले असतील तर अ‍ॅक्सलचा सगळा भार शॉकअपवर लटकतो, आणि मग कितीही महागाचा घ्या, तो डोळ्यापासून, म्हणजे बोल्टच्या कड्यापासून, उपटतो.

नवा शॉकअप पहिला इंचभर नुसताच मोकळा जातो. माल खराब का? (पणजी)

बहुधा नाही. दोन नळ्यांचा शॉकअप दुकानात आडवा पडून राहिला की आतल्या नळीत हवा शिरते. उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढा-दाबा. तरीही मोकळा गेला तर परत करा. एकदा भरला की आडवा न ठेवता लगेच चढवा. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के करू नका. चाकं जमिनीवर टेकवा, गाडी एकदा हलवून बसू द्या, मग आवळा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं.