ग्रेव्ही चाटतात, तुकडे तसेच ठेवतात

वाचकांचे प्रश्न : घरातली मांजरं

प्रश्न : नमस्कार ताई, मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून लिहितेय. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एका मांजरीनं तीन पिल्लं घातली होती, तीन आठवड्यांपूर्वी ती गाडीखाली गेली आणि तेव्हापासून पिल्लं आमच्याकडंच आहेत. आता साधारण दोन महिन्यांची असतील. ड्राय फूड कुरुमकुरुम खातात पण पाणी फार कमी पितात, म्हणून डॉक्टरांनी वेट फूड सुरू करा म्हणून सांगितलं. तर पाऊच फोडून ठेवलं की तिघं पळत येतात, वास घेतात, ग्रेव्ही तेवढी चाटतात आणि तुकडे तसेच. सगळ्यात बारकी जी आहे ती तर ग्रेव्हीलाही तोंड लावत नाही, बशीच्या बाजूची फरशी पंजानं खरवडते, जणू घाण झाकायचीय, आणि निघून जाते. दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या कंपन्यांचे पाऊच आणून झाले. सासूबाई म्हणतात एक दिवस काहीच घालू नका, भूक लागली की गुमान खातील. मला ते करवत नाहीये. काय करू?

उत्तर : ताई, करवत नाहीये तेच बरोबर आहे. उपाशी अजिबात ठेवू नका. सासूबाईंनी बघितलेली मांजरं मोठी होती, उंदीर धरून खाणारी, त्यांना एक दिवस घरातून काही मिळालं नाही तरी ती बाहेरून पोट भरून यायची. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या अंगात साठाच नसतो, बराच वेळ पोटात काही गेलं नाही की रक्तातली साखर उतरते, पिल्लू थंड पडतं, मलूल होतं, आणि असं गळालेलं पिल्लू मग पुढं आणलेलं आवडीचं खाणंसुद्धा खात नाही. एवढ्या लहान पिल्लानं बारा तास काहीच खाल्लं नाही तर उद्या बघू म्हणायचं नाही, दवाखाना गाठायचा.

तुमची पिल्लं ड्राय खातायत ही मोठी जमेची बाजू आहे, म्हणजे आपल्या हातात वेळ आहे. किचनमधला वजनकाटा घ्या, त्यावर एक भांडं ठेवून रोज सकाळी खायच्या आधी तिघांचं वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन महिन्यांचं पिल्लू साधारण ७०० ते ९०० ग्रॅम असतं आणि आठवड्याला शंभरेक ग्रॅम वाढतं. आकडा वर सरकतोय तोवर घाबरायचं काही नाही. बारकीचा आकडा दोन दिवस तिथंच थांबला किंवा खाली आला तर मात्र तो आवडीनिवडीचा प्रश्न राहिला नाही.

आता ती खात का नाहीत. आपण म्हणतो नखरे करतात, हट्टी आहेत. मला इतक्या वर्षांत शेकड्यानं पिल्लं हाताखालून गेल्यावर ठामपणे वाटतं की बहुतेक वेळा तो हट्ट नसतोच, पिल्लाला समोरची वस्तू खायची आहे हेच कळलेलं नसतं. आई काय खाते, तिच्या तोंडाला कसला वास येतो, यावरून पिल्लू शिकतं की खाणं म्हणजे काय. तुमच्या पिल्लांची आई गेली आणि त्यानंतर त्यांनी जे पहिलं ओळखलं ते कोरडं, कडक, कुरकुरीत. आता अचानक समोर ओलं, मऊ, गार काहीतरी आलं. बारकी फरशी खरवडते ती वैतागून नाही, नको असलेलं खाणं मांजर असंच झाकून टाकायला बघतं, तिच्या लेखी ते खाणं नाहीये एवढाच त्याचा अर्थ.

आणि मांजर खातं नाकानं. जिभेवर त्याला फार चवी कळत नाहीत, गोड तर कळतच नाही, सगळा निकाल वासावर. फ्रीजमधनं काढलेल्या पाऊचला वास नसतो, आणि उंदीर काय, चिमणी काय, शिकार तोंडात येते तेव्हा अंगाच्या उबेची असते. म्हणून पहिला उपाय म्हणजे कोमट करणं. वाटीत गरम पाणी घ्या, बंद पाऊच त्यात पाच-सात मिनिटं उभा ठेवा, मग फोडून नीट ढवळा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा, तान्ह्या बाळाचं दूध बघतो तसं, ना गार ना चटका. मायक्रोवेव्हमध्ये नको, एखादा तुकडा आतनं उकळता राहतो आणि जीभ एकदा भाजली की ते पिल्लू महिनाभर त्या बशीकडं फिरकत नाही.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. ग्रेव्ही चाटतात म्हणजे चव पसंत आहे, घोडं अडलंय ते तुकड्यावर. दुधाचे दात बारीक आणि तो रबरासारखा तुकडा सरकतो, पकडीत येत नाही. काट्यानं ठेचून बारीक करा, दोन चमचे कोमट पाणी घाला, पातळ आमटीएवढं सैल करा. चाटून संपवायला लागले की दोन दोन दिवसांनी पाणी कमी करत जा. आणि तुमच्याकडं हुकमाचा पत्ता आहेच, ते जे ड्राय आवडीनं खातात तेच मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवून पूड करून ठेवा आणि वेट फूडवर चिमूटभर भुरभुरवा, म्हणजे नाकाला ओळखीचा वास येतो आणि खाली नवीन वस्तू असते. बारकीसाठी बोटाच्या टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढं घेऊन तिच्या ओठाला लावा, ती चाटेल. नाही चाटलं तर सोडून द्या, दुपारी परत. तोंड उघडून कोंबू नका, सिरिंजनं जबरदस्ती तर नकोच, श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

वेळेचंही बघा. ड्राय फूडची वाटी दिवसभर भरून ठेवलेली असेल तर नवीन खाणं का शिकतील? दिवसाच्या चार वेळा ठरवा. प्रत्येक वेळी आधी वेटची बशी, वीस-पंचवीस मिनिटं, आणि मग खाल्लेलं असो नसो नेहमीचं ड्राय पोटभर. भूक थोडी चाळवलेली असते पण कुणी उपाशी राहत नाही. सासूबाईंनाही एवढं पटेल बघा.

पाच कंपन्यांचे पाऊच आणले हे तुम्ही प्रेमापोटी केलंत, पण तिथं थोडं चुकलं. मीही हेच केलंय. मागं एक करडं पिल्लू आलं होतं, नऊ दिवस मी रोज नवीन फ्लेवर, कधी ट्यूना, कधी चिकन, कधी मॅकरेल, आणि त्याच्यासाठी रोज नवाच अनोळखी वास, त्यामुळं कुठलाच वास ओळखीचा व्हायला वेळच मिळाला नाही. नवव्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले याचं नाकच बंद आहे, याला वास येत नाही तर खाईल कशाला. मी त्याला नखरेल म्हणत होते आणि ते बिचारं आजारी होतं, ते मला आजही लागतं. म्हणून तुम्हाला सांगते, एकच पाऊच निवडा, जो त्यातल्या त्यात जास्त चाटला तो, आणि निदान आठवडाभर तोच द्या. एकदा खायला लागली की मग मुद्दाम वेगवेगळं द्या, कारण या कोवळ्या वयात जे जे पोत आणि वास ओळखीचे होतात ते मोठेपणी चालतात.

आणि बारकीचं नाक आजच बघा. शिंका, डोळ्यांत चिपडं, नाकावर सुकलेली खपली, तोंडातनं लाळ, जिभेवर फोड, यातलं काही असेल तर मांजरांची सर्दी असू शकते, ती बहुतेक वेळा व्हायरसची असते आणि एका पिल्लाची दुसऱ्याला लागते. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं नाक पुसून द्या, खायच्या आधी बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दहा मिनिटं वाफेत घेऊन बसा आणि डॉक्टरांकडं न्या. घरातलं तापाचं औषध, पॅरासिटामॉल, थेंबभरसुद्धा देऊ नका, मांजराला ते विष आहे. उलट्या, जुलाब आणि खाणं बंद असं एकदम झालं तर तासाभरात निघा, लस न झालेल्या पिल्लांत पॅनल्यूकोपेनिया हा व्हायरसचा आजार फार झपाट्यानं जीव घेतो. जंताचं औषध आणि पहिली लस झाली नसेल तर तेही याच फेरीत विचारून घ्या, लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांनी परत परत द्यावी लागते, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत.

बारीकसारीक दोन गोष्टी राहिल्या. तिघांना तीन बशा द्या, बारकीची दुसऱ्या खोलीत, भाऊ-बहिणी ढकलतात म्हणूनही ती मागं राहत असेल. बशी पसरट हवी आणि शी-शूच्या मातीच्या ट्रेपासून लांब हवी. आणि भांड्याच्या लिंबाच्या साबणाचा वास मांजरांना आवडत नाही, बशी दोन पाण्यानं खळखळून धुवा. मला हे कळायला बरीच वर्षं गेली.

प्रश्न : आम्ही कसबा बावड्यात राहतो. आमची चिंगी तीन महिन्यांची. पाऊच, ड्राय काहीच नको, फक्त उकडलेलं बोनलेस चिकन आणि बुधवारी-रविवारी घरात मटण झालं की रश्श्यातले पीस, ते आम्ही पाण्यानं धुऊन देतो. मिस्टर गंगावेशीतनं म्हशीचं ताजं दूध आणतात ते पण आवडीनं पिते. सगळे म्हणतात एवढं चांगलं खातेय तर पाऊचची काय गरज?

उत्तर : धुतलेला पीस आधी बंद करा. तांबडा असो नाहीतर पांढरा, रस्सा म्हटलं की कांदा-लसूण आलंच, आणि ते मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतं. मटण त्यात शिजलेलं असतं, वरनं धुऊन आतलं जात नाही. तिच्यासाठी दोन तुकडे फोडणीच्या आधीच, मीठ-मसाला न लावता, वेगळे उकडून काढा.

चिकन वाईट नाही, पण नुसतं बोनलेस चिकन हे वाढत्या पिल्लाचं जेवण होऊ शकत नाही, आणि हे मला अगदी कळकळीनं सांगायचंय कारण आपल्याकडं ही चूक सगळ्यात जास्त होते. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. जंगलात मांजर उंदीर हाडासकट खातं म्हणून भागतं. आपण हाडं काढून देतो, मग शरीर कॅल्शियम आणणार कुठनं, तर पिल्लाच्या स्वतःच्या हाडांतनं ओढतं. दोन-तीन महिन्यांत पिल्लू उडी मारायचं बंद करतं, उचललं की ओरडतं, पाय वाकतात, आणि सोफ्यावरनं उतरताना हाड मोडतं. लोकांना वाटतं पडली. शिजवलेली हाडं द्या असंही नाही, ती फुटून टोकदार होतात आणि आतडं फाडतात. शिवाय टॉरिन म्हणून एक घटक आहे, मांजराला तो खाण्यातनंच लागतो, कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही जातं, आणि चिकन उकळलं की तो बराचसा पाण्यात उतरतो आणि ते पाणी आपण ओतून देतो.

तर त्याच चिकनचा पूल करा. चिकन उकडलेलं पाणी, बिनमिठाचं, कोमट, ते वेट फूडमध्ये कालवा. पहिल्या दिवशी चार भाग चिकन आणि एक भाग ठेचलेलं वेट, दोन-दोन दिवसांनी प्रमाण बदलत न्या, दहा-बारा दिवसांत उलटं होईल. एखाद्या दिवशी मागं फिरली तर आदल्या प्रमाणावर या, रागावू नका. पुढं चिकन हा खाऊ म्हणून, दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाच. कलेजीसुद्धा आठवड्यातनं एखादा छोटा तुकडा, जास्त झाली तर व्हिटॅमिन ए साठून हाडांवर परिणाम होतो.

गंगावेशीचं दूध मिस्टरांना पिऊ द्या, डोळ्यांदेखत काढलेलं फेसाळ दूध, कोल्हापूरकराला ते सोडा म्हणायची माझी छाती नाही. पण चिंगीला नको. आईचं दूध सुटल्यावर मांजराची दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते, जुलाब लागतात आणि पिल्लू वाळतं. आवडतं म्हणजे पचतं असं नाही. पाणी ठेवा, खाण्याच्या बशीपासून थोडं लांब.

प्रश्न : राजारामपुरीतून. पाऊच महाग पडतात, दोन पिल्लं आहेत आणि निम्मा पाऊच रोज फेकला जातो. काही उपाय?

उत्तर : चार वेळांपैकी एक-दोन वेळाच वेट द्या, बाकी ड्राय चालतं, किंवा ड्राय कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून मऊ करून द्या, पाणीही पोटात जातं. वेट फूडमध्ये पाऊण हिस्सा पाणी असतं आणि ड्रायमध्ये जेमतेम दहा टक्के, सगळी धडपड त्या पाण्यासाठी आहे. उघडलेला पाऊच डब्यात घट्ट झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो, लागेल तेवढाच काढून कोमट करा. बशीत वाढलेलं मात्र तासाभरानं टाका, एप्रिल-मेच्या उन्हात अर्ध्या तासातच. घेताना पाकिटावर ‘किटन’ आणि ‘कम्प्लीट’ हे दोन्ही शब्द बघा, काही भारीतले ट्यूनाचे डबे ‘कॉम्प्लिमेंटरी’ असतात म्हणजे ते जोडीला द्यायचे, त्यावर पिल्लू वाढत नाही. कुत्र्याचं स्वस्त पडतं म्हणून ते देऊ नका.

प्रश्न : आमचा बोका दीड वर्षाचा, आयुष्यभर ड्रायवर. आता वेट खायला शिकेल का? उचगाव.

उत्तर : शिकेल, पण पिल्लं दिवसांत शिकतात तिथं याला महिने लागतील. वरचं सगळं तसंच करा, फक्त वेट वाढवताना चमच्याऐवजी चिमटीनं. जाडजूड असेल तर त्यालाही उपाशी ठेवायचं नाही, दोन-तीन दिवस खाणं सुटलं तरी लिव्हरवर चरबी चढते आणि ते निस्तरणं फार अवघड जातं. शिकेपर्यंत पाण्याची दोन-तीन भांडी घरात वेगवेगळ्या जागी ठेवा. आणि तो मातीच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि लघवी थेंबभरच होतेय किंवा होतच नाहीये असं दिसलं तर मूत्रमार्ग अडकलाय असं धरून चाला, बोक्यांना हे होतं, सकाळची वाट बघू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना फोन लावा.