इन्ग्रिड बर्गमन कानाने पाहा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये काम करायचं तर बोलण्यातलं मराठी वळण आधी पुसून टाकावं का, असं तू विचारलंस. पुसू नकोस. आधी स्वीडिश अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमनचे चित्रपट वर्षांच्या क्रमाने लाव आणि कान उघडे ठेवून बस. स्वीडिश, जर्मन, इंग्रजी, इटालियन, फ्रेंच अशा पाच भाषांत तिने काम केलं. आपलं स्वीडिशपण कुठे मागे ठेवायचं आणि कुठे पुढे करायचं, हे तिला नेमकं कळत होतं. शिकायचं आहे ते एवढंच, पण त्याला वर्षं लागतात.

तिचा जन्म १९१५ चा, स्टॉकहोमचा. आई जर्मन. ती इन्ग्रिड अगदी लहान असताना गेली, तरी आजोळमुळे जर्मन भाषा कानावर राहिली. त्या जोरावर १९३८ मध्ये तिने ऊफा या कंपनीसाठी जर्मन चित्रपट केला. १९३९ मध्ये हॉलिवूडला गेली तेव्हा इंग्रजी मात्र कच्चं होतं. तिथे रूथ रॉबर्ट्स ही संवादांची शिक्षिका तिला मिळाली आणि पुढे अनेक वर्षं सोबत राहिली. निर्माता सेल्झनिकने नाव बदलायला, भुवया कोरायला सांगितलं, तेव्हा तिने साफ नकार दिला.

आता भूमिका बघ. ‘कॅसाब्लांका’तली (१९४२) इल्सा नॉर्वेची. पुढच्याच वर्षीच्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’मधली मारिया स्पॅनिश. ‘नोटोरियस’मधली (१९४६) अलिशिया जर्मन हेराची मुलगी. उच्चारातलं परकेपण भूमिकेच्या जन्मगावात मुरवून टाकलेलं आहे. शब्द मात्र एकही हरवत नाही. तुझी मेहनत तिथे हवी. वळण राहिलं तर चालतं, पण शब्द विरघळला तर प्रसंग पडतो.

शब्द का विरघळतो, तेही समजून घे. पहिलं कारण म्हणजे इंग्रजी संवाद देवनागरीत लिहून पाठ करणं. आपल्या एकाच ‘व’मध्ये इंग्रजीचे v आणि w हे दोन आवाज कोंबले जातात. ‘ट’ म्हणताना आपली जीभ मागे वळते, इंग्रजीत ती वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकते. फ्रेंच, इटालियनला तर सरळ आपला ‘त’ चालतो. पण इंग्रजीच्या सवयीने आपण तिथेही ‘ट’ लावतो आणि हातची सोपी गोष्ट बिघडवतो. इटालियन ‘ग्रात्सिए’मधला ‘त्स’ तुझ्या ‘चोर’ आणि ‘चमचा’मध्ये आहेच. फ्रेंच अनुनासिक स्वरांना मात्र जप. स्वर नाकातून सोडायचा आणि शेवटी जीभ टाळूला लावून ‘न’ करायचा नाही. कोकणी ‘हांव’ ऐकलं असशील तर लगेच जमेल.

पाठांतर असं कर. पानभर संवाद घे, त्याहून जास्त नको. प्रत्येक शब्दाखाली मराठी अर्थ लिही, वाक्याचा एकत्र अर्थ लिहून भागवू नकोस. मग श्वासाच्या जागा पेन्सिलीने आख. पहिले तीन दिवस सपाट, भावनेविना म्हण. भावना आधी घातली की वाक्याला चाल लागते, आणि समोरच्या नटाने वेग बदलला की चालीवर पाठ केलेलं सगळं कोसळतं. समोरच्याचे संवादही पाठ हवेत.

‘स्ट्रॉम्बोली’ या इटालियन चित्रपटाच्या वेळी इन्ग्रिडसमोर बेटावरची साधी माणसं होती, नट नव्हते. दिग्दर्शक रोसेलिनी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधायचा आणि बोलायची पाळी आली की ओढायचा. त्यातही तिला प्रसंग धरून ठेवावा लागायचा. इटलीत तेव्हा आवाज नंतर भरायची रीत होती. ‘युरोपा ५१’च्या इटालियन आवृत्तीत तिच्या तोंडी दुसऱ्या नटीचा आवाज आहे. म्हणून करारावर सही करण्याआधी विचार: चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज घेणार की डबिंग, आणि डबिंग असेल तर माझ्याच आवाजात का? उत्तर कागदावर घे.

१९५४ चा तिचा ‘ला पाउरा’ (म्हणजे ‘भीती’) हा चित्रपट जर्मन आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्यांत चित्रित झाला. आपल्याकडे प्रभातने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठी-हिंदीत केला, तीच पद्धत. त्याच सुमाराला होनेगर या संगीतकाराच्या, रंगमंचावर सादर होणाऱ्या रचनेतली जोन ऑफ आर्क तिने नेपल्सला इटालियनमध्ये, पॅरिसला फ्रेंचमध्ये, लंडनला इंग्रजीत आणि स्टॉकहोमला स्वीडिशमध्ये उभी केली. जोन गात नाही, बोलते, पण वाद्यवृंद थांबत नाही. भाषा बदलली की अक्षरं कमी-जास्त होतात, वजन मात्र त्याच मात्रेवर पडावं लागतं. एकच उतारा मराठीत आणि इंग्रजीत टाळीच्या ठेक्यावर म्हणून बघ, अडचण लगेच कळेल.

‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’मधला (१९७४) तिचा जबाब मात्र दहादा ऐक. दिग्दर्शक ल्युमेटने तिला राजकन्येची भूमिका देऊ केली होती, तिने छोटी स्वीडिश मिशनरी मागून घेतली. जवळजवळ पाच मिनिटं कॅमेरा तिच्यावर आहे, मध्ये एकही कट नाही. एवढ्या वर्षांत कमावलेलं सफाईदार इंग्रजी तिने इथे स्वतःहून मोडलं आहे. शब्द शोधताना नजर आधी भिरभिरते आणि मग ओठ हलतात. तिसरं ऑस्कर तिला याच कामासाठी मिळालं.

आणि शेवटी ‘ऑटम सोनाटा’ (१९७८). जवळजवळ चार दशकांनी केलेला पूर्ण लांबीचा स्वीडिश चित्रपट, आणि अडचण आली ती नेमकी मातृभाषेत. आरशासमोर बसवलेले हावभाव आणि जुन्या धाटणीचे सूर घेऊन ती तालमीला आली, असं दिग्दर्शक इंगमार बर्गमनने लिहून ठेवलं आहे. तिने ते सगळं सोडलं. यात ती पियानोवादक आई आहे. शोपॅं या संगीतकाराचा प्रील्यूड (पियानोची छोटी रचना) मुलगी वाजवते तेव्हा आईचा चेहरा बघ, मग ती स्वतः वाजवू लागते तेव्हा मुलीचा. मुलगी झालेली लिव्ह उलमन नॉर्वेची आहे, म्हणजे इथे परक्या भाषेत बोलते आहे ती.

म्हणून रोज इंग्रजी, फ्रेंचला अर्धा-अर्धा तास देशील तेव्हा पंधरा मिनिटं मराठी मोठ्याने वाच, आजचं, बोलीतलं. पंधरा दिवसांनी एकच उतारा तिन्ही भाषांत ध्वनिमुद्रित करून पाठव. सुरुवात मराठीपासून कर.

तुझ्या कामाकडे डोळे लागलेल्यांकडून,
आशीर्वाद