‘गोंद’, ‘गोंद कतीरा’ आणि आपला डिंक

प्रश्न असा आहे: हिंदी पाककृतींत ‘गोंद’ आणि ‘गोंद कतीरा’ असे दोन जिन्नस येतात. मराठीत दोन्हींना डिंकच म्हणायचं का? आणि मग राळ वेगळी कशी?

दोन्ही डिंकच. पण वाण्याच्या यादीत नुसतं ‘डिंक’ लिहिलं की लाडवाचा डिंक येतो, म्हणजे बाभळीचा किंवा धावड्याचा. कतीरा हवा असेल तर ‘कतिरा डिंक’ किंवा ‘कांडोळाचा डिंक’ असं नाव घेऊनच मागावं. कांडोळ म्हणजे उन्हाळ्यात पानं झडल्यावर पांढरंफटक दिसणारं झाड, पांढरूखही म्हणतात. ‘कतीरा’ हा शब्द मात्र मुळात या झाडाचा नाही. तो अरबी-फारसीतून आला, इराणकडच्या एका काटेरी झुडपाच्या डिंकाचं नाव म्हणून. आपल्या बाजारात तो कांडोळाच्या आणि गणेरीच्या डिंकाला चिकटला, तो चिकटलाच.

फरक बघायचा तर दोन पेले पाणी घ्या आणि एकेक खडा टाकून रात्रभर ठेवा. बाभळीचा खडा सकाळी दिसणार नाही, तो विरघळून पाणी किंचित चिकट झालेलं असेल. कतीरा विरघळत नाही, फुगतो. चमचाभर कतीऱ्याला दोन-तीन कप पाणी लागतं आणि सकाळी बर्फाच्या चुऱ्यासारखा पारदर्शक लगदा तयार होतो. सरबतात घालतात तो हाच. औषध म्हणूनही तो फुगूनच काम करतो, पोट साफ करायला. म्हणूनच कोरडी पूड तोंडात टाकून वर घोटभर पाणी प्यायचं नाही, ती घशातच फुगू शकते.

लाडवाची गोष्ट उलटी. तिथे डिंक पाण्यात नाही, तुपात फुलतो. वरून कोरडा वाटला तरी खड्यात थोडा ओलावा असतोच. तापल्यावर डिंक मऊ पडतो, आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि खडा लाहीसारखा फुटतो. खडे ज्वारीहून मोठे पण हरभऱ्याहून लहान असावेत. तूप मध्यम आंचेवर ठेवून एका वेळी चमचाभरच डिंक टाकावा. तूप धुरावलं तर बाहेरचं कवच आधी कडक होतं आणि गाभा कच्चा राहतो. दाताला काचेसारखा कचकन लागून मग दाढेत चिकटून बसतो, तो हा गाभा. तूप पुरेसं तापलेलं नसेल तर खडा फुलतच नाही, नुसता तूप पीत बसतो. तळलेला खडा वाटीच्या बुडाने दाबून पाहावा, भुगा झाला की जमलं. कतीरा तुपात असा फुलत नाही, म्हणून पाककृतीत ‘गोंद’ असेल तिथे ‘गोंद कतीरा’ घातला की लाडू बिघडतात.

आता राळ. ढोबळ खूण अशी की डिंकाला पाणी लागतं आणि राळेला आग. राळ पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते, निखाऱ्यावर वितळून धूर करते. डिंक निखाऱ्यावर फुगतो आणि करपतो. संस्कृतात या सगळ्याला ‘निर्यास’ हा एकच सोयीचा शब्द आहे. व्यवहारात मात्र सरमिसळ आहे. ‘सालईचा डिंक’ म्हणतो तो धुपासाठी जाळला जातो, कारण त्यात डिंक आणि राळ दोन्ही आहेत. गुग्गुळ तसाच, हिंगही तसाच. हिंगाचा खडा पाण्यात उगाळला की पाणी दुधाळ होतं. राळ आणि तेल पाण्यात मिसळत नाहीत, पण हिंगातला डिंक त्यांचे बारीक थेंब धरून ठेवतो. संत्र्याच्या स्वादाच्या थंड पेयात तेल वर तरंगू नये म्हणून बाभळीच्या जातभाईचा, सुदानकडचा ‘गम अरेबिक’ घालतात, त्यामागेही हेच तत्त्व. वेष्टनावरच्या घटकांच्या यादीत तो ४१४ या क्रमांकाने दिसतो, कांडोळाचा ४१६ ने. बांधानी हिंग तर मुळात हिंगात पीठ आणि डिंक मिसळूनच करतात, त्यामुळे डबीत डिंक दोनदा असतो.

मस्काऱ्यात, जलरंगात, पाकिटाच्या चिकट कडेवर हाच गम अरेबिक. पोथ्यांची काजळीची शाईही बाभळीच्या डिंकातच घोटलेली असे. डिंक नसेल तर काजळी कागदावर धरत नाही, बोटाला येते.

एक गंमत धावड्याच्या डिंकाची. इंग्रजीत तो ‘गम घट्टी’. आपल्याला वाटतं घट्ट असतो म्हणून घट्टी. प्रत्यक्षात तो घाटवाटांनी उतरून बाजारात यायचा, म्हणून घाटावरून घट्टी.

इंग्रजीतला ‘गम’ आपल्या डिंकापेक्षा बराच ऐसपैस आहे. आइस्क्रीममधला ‘ग्वार गम’ गवारीच्या बियांतला, तो झाडातून पाझरत नाही. चिंचोक्याच्या पिठाचंही तेच, त्याला आपण खळ म्हणतो, घोंगडीला देतात ती. या दोन्हींना डिंक म्हणू नये. च्युइंग गमचं मूळ तर चिक्कूच्या झाडाचा चीक. इथे चीक, चिकट, चिक्कू अशी साखळी जोडायचा मोह होतो, पण चिक्कू हे नाव मेक्सिकोतून स्पॅनिशमार्गे आलेलं आहे, त्याचा मराठी ‘चीक’ या शब्दाशी काही संबंध नाही. आणि हल्लीच्या बहुतेक च्युइंग गममध्ये तो चीकही नसतो, कारखान्यात बनवलेलं रबर असतं.